आल्बर्ट डॉकच्या वखारीत आपलं स्वागत

जुन्या वास्तूंच्या जतनासाठी झटणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी तुम्हा सर्वांचं लिव्हरपूलमध्ये मनापासून स्वागत करते. कोणी लंडन-मँचेस्टरहून आलंय, कोणी थेट मुंबई, पुणे, अमरावतीहून. परिषदेसाठी एखादं चकचकीत हॉटेल सहज मिळालं असतं, तरी समितीने वखार पसंत केली. का, तेवढं सांगते.

मर्सी नदीकाठच्या या आल्बर्ट डॉकचं उद्घाटन ३० जुलै १८४६ रोजी राणी व्हिक्टोरियाचे यजमान प्रिन्स आल्बर्ट यांच्या हस्ते झालं. तोवर जहाजातला माल उघड्या धक्क्यावर उतरायचा आणि तिथून त्याला पाय फुटायचे. लाकडी तुळयांच्या वखारींना आगीची धास्ती कायमची. या दोन्हींवर गोदीचे अभियंते जेसी हार्टली यांनी तोड काढली. पाण्याच्या चारी बाजूंनी वखारी उभ्या केल्या आणि माल जहाजातून थेट आत घेतला. सांगाड्यात विटा, दगड आणि लोखंड. लाकडाला थाराच नाही. १८४३ मध्ये त्यांनी १८ फूट लांब, १० फूट रुंद नमुना बांधून घेतला, त्यात लाकूड आणि डांबर भरलं आणि चक्क पेटवून दिला! बांधकाम आगीला कितपत टिकतं, ते स्वतः पारखून घेतलं.

चहापानाच्या वेळी धक्क्यावर जरूर फेरी मारा. कडेचे तांबडे, जाडजूड खांब बिडाचे आहेत. उंची सुमारे १५ फूट, आतून पोकळ, आणि एकट्याच्या कवेत न मावणारे. मधूनच खांबांवरची पट्टी सोडून मोठी कमान वर उसळते. ती यारीला मोकळी जागा मिळावी म्हणून. वरच्या मजल्यांची जमीन लोखंडी तुळयांवर टेकलेल्या विटांच्या उथळ कमानींवर आहे. छपरालाही रिव्हेट मारलेले लोखंडी पत्रे. १८४८ मध्ये इथे पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या आल्या. त्या काळच्या रसिकांना ही वास्तू नुसता विटांचा ढीग वाटली. आज आपण तिच्याच रेषा वाखाणतो.

आपलं आणि या शहराचं नातं कापसाचं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. अमरावती, हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात नावानिशी विकला जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर ही त्याची एक खूण. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले आणि भलेभले बुडाले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं काय झालं, हे मात्र कुठल्याच टॉवरवर कोरलेलं नाही.

या वखारीचेही दिवस फिरले. शिडाच्या जहाजांसाठी केलेल्या दारातून मोठ्या आगबोटी आत येईनात. १९७२ मध्ये गोदी बंद पडली, गाळाने भरली. १९८४ पासून टप्प्याटप्प्याने ती पुन्हा खुली झाली. १९८८ मध्ये टेटचं कलादालन आलं, २००७ मध्ये गुलामगिरीचं संग्रहालय. ज्या व्यापारावर हे शहर पोसलं, त्याचा हिशेब याच धक्क्यावर मांडला गेला, याचं मला विशेष मोल वाटतं. एक धडाही ध्यानात असू द्या. २००४ मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा मान लिव्हरपूलने २०२१ मध्ये गमावला. नदीकाठची नवी बांधकामं त्याला कारण झाली.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोदामांचा प्रश्न आज आपल्यापुढे आहे. भिंती वाचवून आत उपाहारगृहं थाटणं त्या मानाने सोपं. तिथे राबलेल्या हमालांची, माथाडींची, कापूस पिकवणाऱ्यांची कहाणी त्या भिंतींत कशी नांदवायची, यावर दोन दिवसांत ठोस सूचना पुढे याव्यात, एवढीच यजमान म्हणून अपेक्षा.

जेवणात वऱ्हाडी झुणका आहे. तिखट बेतानेच घेतलंय. काही कमी-जास्त झालं तर हक्काने सांगा. पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करते आणि परिषदेचं कामकाज सुरू करावं, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करते.