खेळाडूंच्या स्मृतींचे जतन



१९५५ साली आपल्या प्रकाशा गावी उत्खनन झाले, तेव्हा खापरांनी ताम्रपाषाणयुगाची साक्ष दिली. खेळाडूंच्या स्मृती मात्र मातीत टिकत नाहीत. खानदेशातील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाकडे होती. १९९० साली जळगावास स्वतंत्र विद्यापीठ झाले. त्यामुळे आपल्या जुन्या कबड्डी-खो-खोपटूंचा इतिहास दोन ठिकाणी विभागला गेला. अजिंक्यपदाची नोंद दप्तरात मिळेल. परंतु प्रवासखर्च कोणी भागविला, राखीव गडी कोण होते, हे त्या वृद्ध खेळाडूंनाच ठाऊक. तरुणांनी अशा वडीलधाऱ्यांजवळ बसून वर्ष, सामना व सहकाऱ्यांची नावे टिपून घ्यावीत. छायाचित्रांमागे नावे लिहावीत. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही नोंदवाव्यात. हे कार्य पुढील संमेलनावर टाकू नये, एवढीच नम्र विनंती.