वहीतले आडनाव



नेहरूनगरात आम्हांस सारे 'कमाविसदार' म्हणून ओळखतात. रतनपुरास बिंबाजी भोसले 1787 साली वारल्यावर छत्तीसगडात सुभेदार आले आणि त्यांच्या हाताखाली परगण्यांचा वसूल पाहणारे कमाविसदार. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले. हुद्दा गेला, आडनाव उरले. (वसुलीची हातोटी मात्र आमच्यापैकी एकाकडेही नाही!)

पण त्याआधीचे आम्ही कोण? त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांनी वह्या काढल्या. नोंदी गावावार, आमच्या आडनावाने काहीच निघेना. आजीच्या ओव्यांत येणारे गाव सांगितले, तेव्हा पान सापडले. खापरपणजोबांचा मोडी हस्ताक्षर! आम्हांस एक अक्षर लागेना. उपाध्यायांनीच वाचून दाखविले. गावावरून पडलेले मूळ आडनाव, 'हल्ली वस्ती रायपूर', आणि तीन पुत्र. आम्ही लहानपणापासून दोघांचीच नावे ऐकत आलो होतो.

त्याखाली आम्ही आमची नावे बाळबोधीत लिहिली, पुढे 'भिलाई'. तिसऱ्या पुत्राच्या वंशाची नोंद त्या पानावर नाही. त्याचे नाव व ते गाव या चिठ्ठीवर लिहून आणले आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी ते ऐकिवात असेल, तर सभा संपल्यावर आम्हांस अवश्य भेटावे.