लहान छेद आणि पायांतील रक्त

पित्ताशय काढावयाचे म्हणजे पोटावर वीतभर चीर आणि आठपंधरा दिवस रुग्णालयात मुक्काम, असा एकेकाळी शिरस्ता होता. १९८५ साली जर्मनीतील एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीच्या साह्याने हे इंद्रिय प्रथम काढले. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ही पद्धत भारतात आणली. आता बहुतेक रोगी एकदोन दिवसांत घरी परततात. छेद लहान तेव्हा धोकाही लहान, हा समज त्यातूनच रूढ झाला. तो बराचसा खरा आहे. पुरता खरा मात्र नाही.

रक्त शिरेत गोठते ते मुख्यतः तीन कारणांनी: प्रवाह मंदावला, शिरेच्या अस्तरास इजा झाली, किंवा रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढला. शस्त्रक्रियेचा आघात तिसऱ्या कारणास पुरेसा होतो. पहिल्याची तजवीज तर या पद्धतीतच आहे. आतले दिसावे म्हणून पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवितात. साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतक्या त्या दाबाखाली पोटातील मोठी शीर चेपते. रोग्याचे डोके वर व पाय खाली असतात. पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलणारा जणू पंपच. भुलेने तोही थंडावतो. रक्त पायांत तुंबते.

गुठळी होणाऱ्यांची संख्या थोडी असते. वार्धक्य, स्थूलता, कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, संततिनियमनाच्या काही गोळ्या यांनी ती वाढते. म्हणून हे सारे शल्यवैद्यास आधीच सांगितलेले बरे. अशांना हेपॅरिनची टोचणी देतात, पोटऱ्या दाबणारे पट्टे बांधतात. सरसकट सर्वांना टोचणी देणे शहाणपणाचे नव्हे, कारण तिने रक्तस्राव वाढू शकतो.

सर्वांना लागू असा उपाय एकच, आणि तो फुकटचा आहे: त्याच दिवशी उठून चालणे. नेमके येथेच घरच्यांची माया आड येते. ‘ऑपरेशन झालंय, पडून राहा,’ असे म्हणून रोग्यास खाटेवर खिळविले जाते. गुठळी तर घरी गेल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकते.

वायूमुळे खांदा दोनतीन दिवस दुखतो. त्याचे सहसा भय नाही. पण एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर तेल लावून ती चोळू नये; गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. त्याच दिवशी वैद्यास दाखवावे. एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.