सव्वा महिन्यानंतरची बाळंतीण



या व्याख्यानाची पत्रिका छापावयाची वेळ आली तेव्हा चालकांनी मोठ्या संकोचाने विचारले, 'विषयाचे नाव जरा सौम्य करता येईल काय?' आम्ही म्हटले, नाव हवे ते द्या. बोलणार मात्र बाळंतिणीच्या पाठीविषयी, पोटाविषयी आणि तिच्या लघवीविषयी. त्यांनी क्षणभर विचार केला आणि होकार दिला. त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत, कारण या विषयातले निम्मे दुखणे शरीरात आहे आणि निम्मे संकोचात.

आमच्याकडे एकदा एक बाई गुडघा दाखवावयास आल्या. वय पन्नाशीच्या पुढे. बोलता बोलता सहज विचारले, संध्याकाळी देवळात कीर्तनाला वगैरे जाता की नाही? त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, 'खोकला आला, शिंक आली की पातळ ओले होते. चारचौघींत कशी बसू?' हे केव्हापासून, असे विचारले तेव्हा उत्तर आले, 'धाकटा झाला तेव्हापासून.' तो धाकटा त्यांना घेऊन बाहेर बाकावर बसला होता. सव्वीस वर्षांचा. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला सांगितले नव्हते, डॉक्टरांनाही नाही. बाईच्या जन्माला हे असायचेच, अशी त्यांची समजूत. तीन-चार महिन्यांच्या व्यायामाने त्यांना पुष्कळ उतार पडला. गुडघा मात्र अजून कुरकुरतो.

ही एकटीची गोष्ट नव्हे. बाळंतपणानंतर सुमारे तिघींत एकीला लघवी आवरत नाही, असे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून दिसते. आणि न सांगण्याची सवय किती खोल आहे, हे आपल्याच गडचिरोली जिल्ह्याने दाखवून दिले. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या साडेसहाशे स्त्रिया तपासल्या आणि १९८९ साली ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. शंभरांतल्या ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही विकार होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या शंभरांत अवघ्या आठ. ती पाहणी आजच्या आपल्या विषयाची नव्हती. पण हे मौन तेच आहे.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे बाळंतिणीचे काय कमी होते? सव्वा महिना, तेलमालीश, शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. याची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. शरीर पूर्ववत होण्याचा वैद्यकाने मानलेला पहिला टप्पाही सहा आठवड्यांचाच आहे. आजीबाईंनी पंचांगावर मोजलेला काळ आणि डॉक्टरांनी मोजलेला काळ जवळजवळ जुळतो, ही मौजेची गोष्ट. 'सरळ उठू नकोस, कुशीवर होऊन ऊठ' असे घरातली वडीलधारी माणसे सांगत. आम्हीही अगदी तेच सांगतो. परंतु या व्यवस्थेत एक उणीव राहिली. तिने बाळंतिणीला विसावा दिला, खाऊ घातले. गेलेली ताकद परत कशी आणावी हे सांगितले नाही. सव्वा महिना सरला की एकदम हंडा डोक्यावर. आणि जिचे पोट हातावर आहे तिला तर तो सव्वा महिनाही मिळत नाही.

ताकद जाते कोठून, ते पाहू. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी आहे. पुढे जघनाचे हाड, मागे माकडहाड, यांमध्ये ती ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार ती पेलते आणि त्यांची दारे आवळून धरते. नऊ महिने वाढता भार, आणि मग प्रसूतीच्या वेळी बाळ याच झोळीतून वाट काढते. तिचा सर्वांत आतला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असा हिशेब २००४ साली अमेरिकेत संगणकावरच्या एका अभ्यासातून निघाला. अंगातला दुसरा कोणताही स्नायू एवढा ताणला तर आपण त्याला महिना महिना फळीत बांधून ठेवू, मग हलके हलके वापरावयास शिकवू. या स्नायूचे मात्र नावही घेत नाही. तो सैल राहिला की लघवी आवरत नाही, काहींचे अंग बाहेर येते.

औषध साधे आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंचा व्यायाम पद्धतशीरपणे मांडला. त्याआधी, दोन महायुद्धांच्या दरम्यान, लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात मिनी रँडेल या बाईंनी बाळंतिणींना व्यायाम देण्याचा पाठ घालून दिला होता. फ्रान्समध्ये तर प्रसूतीनंतर या व्यायामाच्या दहा बैठकांचा खर्च सार्वजनिक आरोग्यविमा उचलतो. आपल्याकडे भौतिकोपचार, म्हणजे जिला सारे फिजिओथेरपी म्हणतात ती, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांतच शिकविली जाऊ लागली. तेव्हा समोर पोलिओने पांगळी झालेली मुले होती. त्यामुळे असेल, पण फिजिओथेरपी म्हणजे लकवा, मोडलेले हाड आणि मानेचा पट्टा, हे समीकरण लोकांच्या मनात बसले ते बसलेच.

व्यायाम असा. वायू सरू नये आणि लघवीही थांबावी, अशा दोन्ही बेतांनी तळ आत आणि वर ओढावा. पाच सेकंद धरावा, जमेल तसे दहापर्यंत न्यावे, मग पूर्ण सैल सोडावे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास कोंडू नये. पुष्कळजणी वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात. त्याने अपायच होतो. म्हणून नुसता कागद वाचून हे करू नये, एकदा तरी जाणत्या बाईकडून तपासून घ्यावे. लघवी करताना धार मध्येच तोडणे हा ओळख पटण्यापुरता एखादा प्रयोग झाला, रोजचा व्यायाम नव्हे. आणि काहीजणींचा तळ सैल नसून आखडलेला असतो. त्यांना आवळण्याआधी सोडावयास शिकावे लागते. गर्भारपणीच हे शिकून ठेवले तर उत्तम.

पोटाचे थोडक्यात सांगतो. पोटावरच्या दोन उभ्या स्नायूंमधली शिवण गर्भारपणात रुंदावते. बहुतेकींची ती पहिल्या आठ आठवड्यांत बरीच आवळते, काहींची तशीच राहते. पोट घट्ट बांधले म्हणजे ती मिटते, ही समजूत चुकीची. पट्टा आधार देतो, शस्त्रक्रियेनंतर दुखणेही कमी करतो; स्नायू काही बळकट करीत नाही. फार आवळला तर सारा दाब खालच्या झोळीवरच जातो.

शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या भगिनींना वाटते की हे सारे आपल्यासाठी नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार बाळंतपणांत एक पोट फाडून झालेले आढळले, तेव्हा हा समुदाय लहान नाही. नऊ महिन्यांचा भार त्यांच्याही झोळीने वाहिलेला असतो. त्यांनी खोकताना जखमेवर उशी दाबून धरावी आणि पहिल्या दिवसापासून पडल्यापडल्या पावले वरखाली हलवावी. पायांच्या शिरांत रक्त गोठू नये म्हणून. एका पोटरीला सूज आली, दुखू लागले किंवा धाप लागली, तर व्यायाम बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठावा. नेहमीच्या उठाबशा आणि धावणे तीन महिन्यांपूर्वी कोणीच सुरू करू नये.

आता बंधूंकडे वळतो. मघापासून काहीजण पंख्याकडे पाहत आहेत! बाळंतिणीची पाठ भरते ती वाकून पाजताना, आणि मनगट दुखते ते बाळ वारंवार उचलताना. पाठीमागे उशी देणे, बाळ तिच्या हाती देणे, भरलेली बादली आणि सिलिंडर तिला उचलू न देणे, याला पदवी लागत नाही. आणि दिवसातून तीनदा दहा मिनिटे मूल सांभाळले तर तिचा व्यायाम होतो. 'व्यायाम सांगितला होता, वेळच मिळाला नाही' हे वाक्य आम्ही जितके ऐकले तितके दुसरे कोणतेही नाही.

शेवटी एक विनंती. प्रश्न उभे राहून विचारावेत असा येथला प्रघात आहे. आज तो मोडावा, असे अध्यक्षांना आधीच सांगून ठेवले आहे. स्वयंसेविका कागदाचे कपटे घेऊन स्त्रियांच्या बाजूला येतील. त्यावर प्रश्न लिहावा, नाव लिहू नये. ज्यांना लिहावयाचे नाही त्यांनी कोरा कपटा घडी घालून द्यावा, म्हणजे कोणी विचारले आणि कोणी नाही, हे शेजारणीला कळणार नाही.