फोन सांगेल, चालायचे आपणच



आज सांडोरला आपण वजनाविषयी बोलू.

पूर्वी आपल्या वसईच्या वाड्यांत दिवसभर अंगमेहनत असे. शिंपणे करायचे, भाजी खुडायची, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. खाल्लेले अंगात जिरत असे. आता पंप बटणावर चालतो. रिक्षा दारात येते. पुष्कळांचे काम खुर्चीतले. जेवण मात्र तेवढेच, आणि वर चहा, बिस्किटे, फरसाण! उरलेले पोटावर साचते. मग मधुमेह नि रक्तदाब घरात शिरतात. भारतात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रोगी आहेत, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले.

वजन उतरवण्याचे कार्यक्रम आता फोनवर मिळतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा. जेवण 55 मिनिटांत संपवा. रोज 45 मिनिटे चाला. त्यांची भाषणे यूट्यूबवर आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर गटही आहेत. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी 2018 साली 12 आठवड्यांचा कार्यक्रम फोनवरून चालवला. दर आठवड्याला एक नवी सवय. पहिली सवय कोणती? दिवसाची सुरुवात चहाने न करता केळ्याने किंवा भिजवलेल्या बदामांनी करायची. केळी तर आपल्या वसईचीच! मात्र त्या थोडे थोडे, अनेकदा खायला सांगतात.

मग ऐकावे कोणाचे? एकाच वाटेने जावे. दोन्ही वाटा एकत्र केल्या, तर भुकेशिवाय खाणे तेवढे वाढायचे. शरीर हलवा आणि नेम मोडू नका, हे दोघेही सांगतात.

पण एक गोष्ट जिवाची आहे, बरे का. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळले, तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम येतो, हात कापतात, माणूस बेशुद्धही पडतो. फोनवरच्या माणसाला आपल्या गोळ्या ठाऊक नसतात. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, मग जेवणाच्या वेळा बदला. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुले यांनी उपास करून वजन उतरवू नये. जाणे जमत नसेल, तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेत फोनवरून डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो.

“महिन्यात 10 किलो उतरवू, ही पावडर घ्या,” असे कोणी म्हणाले, तर पैसे देऊ नका.

या कार्यक्रमांत गुण येतो तो कशाने? रोजची नोंद आणि सोबत यांनी. ती आपल्यालाही जमेल. आता आपल्याला लिहिता येते. एक वही घ्या. आठवड्यातून एकदा शिंप्याच्या टेपने कंबर मोजा. पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे सावध व्हावे. किती मिनिटे चाललो, साखरेचे किती चहा घेतले, तेही लिहा. खोटे लिहू नका. वही आपलीच आहे.

शेजारणीला हाक मारा. दोघी मिळून चाला. आठवड्यात 150 मिनिटे झाली पाहिजेत. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. पुढच्या वर्गाला वही घेऊन या. आपण एकमेकांचे आकडे वाचू.