पिंपळाचे पान आणि हृदयाची झडप



गेल्या पावसाळ्यात वसईच्या आमच्या आळीतले एक वृद्ध शेजारी माझ्याकडे आले. सारा जन्म केळीच्या वाडीत गेलेला. आता मात्र चार पावले चालले की दम लागे. हृदयाची झडप अरुंद झाली आहे, ती बदलावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आणि नवी झडप म्हणे जनावराच्या अंगातली! तात्या ओट्यावर टेकले नि म्हणाले, "मास्तर, जनावराचा तुकडा माणसाच्या काळजात टिकेल कसा? आणि टिकला, तरी तो मी घ्यावा का?"

प्रश्न दोन होते. पहिल्याचे उत्तर शास्त्राकडे आहे. दुसऱ्याचे ज्याचे त्यानेच द्यायचे असते.

पिंपळाचे पान दोन-तीन आठवडे पाण्यात भिजत ठेवण्याचा प्रयोग आपण शिक्षकमंडळी मुलांकडून करवून घेतो. हिरवा भाग कुजून सुटतो, हलक्या हाताने धुतले की शिरांची जाळी उरते. प्राण्याच्या शरीरात पेशी म्हणजे तो हिरवा भाग समजा. त्या ज्या जाळीवर बसलेल्या असतात, ती मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाची. परक्या प्राण्याच्या पेशी आत आल्या, की आपले शरीर त्यांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. जाळी मात्र डुकराची, गुराची नि माणसाची पुष्कळशी सारखी असते. म्हणून साबणासारख्या द्रावणांनी पेशी धुऊन काढायच्या, उरलेली जाळी निर्जंतुक करायची आणि जखमेवर बसवायची. कारल्याचा वेल मांडवावर चढावा, तशा रोग्याच्या स्वतःच्या पेशी तिच्यावर चढतात. मांडव हळूहळू विरतो, तोवर नवे मांस भरलेले असते.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डुकराच्या पित्ताशयापासून अशी जाळी तयार झाली. 'कोलेडर्म' तिचे नाव. त्वचेच्या जखमांसाठी तिला २०२३ साली सरकारी मान्यता मिळाली.

झडपेचे काम निराळे. ती दर ठोक्याला उघडमीट करते, तेव्हा तिचे पापुद्रे विरून कसे चालेल? चामडे कमावतात, तसे ते रसायनाने पक्के करावे लागतात. अशी झडप फार दूर बनत नाही बरे का! विरारहून डहाणूच्या बाजूने गाडी पुढे गेली, की गुजरातच्या हद्दीत वापी लागते. तिथल्या मेरिल कंपनीची 'मायव्हल' ही झडप गुरांच्या हृदयाभोवतीच्या पातळ आवरणापासून, पेशी काढून, तयार करतात. तिला २०१८ साली भारतात मान्यता मिळाली. छाती न उघडता, बहुधा मांडीच्या रक्तवाहिनीतून नळीने ती हृदयापर्यंत नेतात.

पण धुण्यात कसूर राहिली तर? २००१ साली ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे चार मुलांच्या हृदयात डुकराच्या, धुतलेल्या म्हणून आलेल्या झडपा बसवल्या. तीन मुले दगावली. चौथ्याची झडप दोन दिवसांतच काढून घेतली, म्हणून ते मूल वाचले. तपासात दिसले, की पेशी पुरत्या निघालेल्याच नव्हत्या. तेव्हा नुसते 'धुतले' म्हणून भागत नाही. धुतले गेले की नाही, हे तपासावे लागते.

हे सारे मी तात्यांना सांगितले. आणखी एक सांगितले. धातूची झडपही मिळते. ती पुष्कळ वर्षे टिकते, पण ती घेतली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर चुकत नाही. जनावराची झडप काही वर्षांनी झिजते, पण त्या गोळीचा जाच सहसा जन्माचा नसतो. आपल्याला काय मानवेल, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. झडप कोणत्या प्राण्याची, तेही विचारावे. कोणाला डुक्कर चालत नाही, कोणाला गाय. रोग्याला अंधारात ठेवून त्याचा जीव वाचवणे हा काही उपकार नव्हे.

तात्यांनी विचारले. घरी बोलले. चार दिवसांनी ओट्यावर येऊन म्हणाले, "मास्तर, रहाटाच्या बैलानं माझी वाडी जगवली. आता त्याचाच भाऊबंद मला जगवतो म्हणतोय, तर मी नाही कशाला म्हणू?"

दुसऱ्या कोणी नाही म्हटले असते, तरी तेही त्याचे उत्तर ठरले असते. मात्र उत्तर देण्याआधी विचारायला संकोच करू नका, एवढेच आजचे सांगणे.