चार सिनेमे आणि ७५९ रुपये



डिसेंबर संपत आला. आमच्या बचत गटाचा जमाखर्च मी लिहिते, त्यामुळं या दिवसांत वही घेऊन बसायची मला सवय आहे. कुणाचा हप्ता राहिला, कुणाचं व्याज आलं, सगळं जुळवायचं. या वर्षी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मी आणखी एक हिशेब लिहून ठेवलाय. तो गटाचा नाही, माझा स्वतःचा आहे. २०२३ सालात मी थिएटरात जाऊन किती सिनेमे बघितले, कुणाबरोबर बघितले आणि किती पैसे गेले, त्याचा. आज तोच तुम्हाला सांगते.

मला सिनेमाचं वेड लहानपणापासनं. गणपतीत शाळेच्या पटांगणात पडदा लागायचा, आम्ही पोतं घेऊन दुपारीच जागा धरायचो. जागा नाही मिळाली तर पडद्याच्या मागं बसून उलटा सिनेमा बघायचो. लग्न झालं आणि हे सगळं संपलं. चोवीस वर्षांच्या संसारात मी थिएटरात गेले असेन तीन वेळा. आणि या एका वर्षात चार वेळा!

असं कसं झालं? एक कारण एसटीचं. १७ मार्चपासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट झालं. तालुक्याला जाऊन यायला मला ८० रुपये लागायचे, ते ४० वर आले. दवाखान्याला, बाजाराला, माहेरी जायला सोपं झालं, तसं सिनेमालाही झालं. सरकारनं काही सिनेमासाठी ही सवलत दिली नव्हती, पण गाडीत बसल्यावर कुठं उतरायचं ते आपणच ठरवतो की.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. फेब्रुवारीत लेकीनं मला फोनवर ‘वाळवी’ लावून दिला. परेश मोकाशींचा सिनेमा. नवरा बायकोच्या खुनाचा बेत रचतो आणि मग एकेक घोळ होत जातो. सिनेमा मोठा गमतीचा. मी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि बघायला बसले. पंधरा मिनिटांत दूधवाला आला. मग म्हैस ओरडली. मग आमचे हे म्हणाले, चहा टाक. मग भाकरीची वेळ झाली. तो सिनेमा मी तीन दिवसांत, नऊ वेळा उठून बघितला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, घरात बसून मला सिनेमा बघताच येणार नाही. घरात मी बसलेली दिसले की काम आठवतं, दुसऱ्यांना आणि मलासुद्धा.

मग मेमध्ये पहिला सिनेमा झाला, ‘महाराष्ट्र शाहीर’. शाहीर साबळे आपल्या साताऱ्याकडचे, वाई तालुक्यातल्या पसरणीचे. याच वर्षी त्यांची जन्मशताब्दी, आणि याच वर्षी राज्यगीत ठरलेलं गाणं त्यांच्याच आवाजातलं. अंकुश चौधरीनं त्यांचं काम केलंय आणि दिग्दर्शक केदार शिंदे हे शाहिरांचे नातू. यांना पोवाड्याची आवड, म्हणून आम्ही दोघं गेलो. मला त्यातलं गाणं आवडलं आणि घर सांभाळणाऱ्या बाईचं दुखणं जास्त लक्षात राहिलं. नवरा-बायको दोघंच सिनेमाला गेलो हे गावात चार दिवस चर्चेला पुरलं. लिहा, तिकीट १२० आणि एसटी ४०. झाले १६०.

आता दुसरा सिनेमा. तुम्ही ओळखला असेलच, ‘बाईपण भारी देवा’. ३० जूनला आला, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. दिग्दर्शक परत केदार शिंदेच आणि लिहिलाय वैशाली नाईक यांनी. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब, अशा सहा बहिणी. महाराष्ट्रभर बायका नऊवारी नेसून, काळे गॉगल लावून थिएटरात चाललेल्या. फोनवर फोटो यायला लागले आणि आमच्या गटाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, आपण जायचं का?

तेव्हा दिवस कसे होते आठवा. पाऊस लांबलेला. जून कोरडा गेला. रानं नांगरून पडलेली, पेरणी नाही, त्यामुळं मजुरीही नाही. आमच्या गटाच्या अध्यक्ष ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बायका बियाण्याला कर्ज मागायला लागल्यात आणि तुम्ही सिनेमा काढलाय?”

सगळ्या गप्प झाल्या. ताईंचं बोलणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण आमच्यातली एक हळूच म्हणाली, “ताई, पेरणी झाली असती तर म्हणाला असता, खुरपणी सोडून सिनेमा? मळणीच्या वेळी म्हणाला असता, मळणी सोडून सिनेमा? आता काम नाही म्हणून तरी मोकळ्या आहोत.” यावर तासभर बोलणं झालं. शेवटी ठरलं, गटाच्या पैशाला हात लावायचा नाही. ज्यांना जायचंय त्यांनी आपापले आणायचे. कुणी अंडी विकलेले पैसे आणले, कुणी गोधडी शिवून दिलेले. चौदाजणींतल्या अकराजणी निघालो. अध्यक्ष ताई आल्या नाहीत.

बारावी माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या शहात्तर वर्षांच्या, एसटी फुकट. मी सहज विचारलं तर म्हणाल्या, “येते की.” मला वाटलं थट्टा करतात. तर सकाळी आठला इरकली नेसून ओट्यावर तयार!

मंगळागौरीची स्पर्धा आहे आणि एकमेकींशी धड न बोलणाऱ्या सहा बहिणी तिच्यासाठी एकत्र येतात, एवढीच गोष्ट. आमच्याकडं मंगळागौर नसते. आमचा पंचमीचा फेर, आणि गौरीच्या रात्रीचा झिम्मा-फुगडी. त्या बहिणी शहरातल्या, आमच्यासारखं रानात राबणारं त्यांच्यात कुणी नाही. आणि नाचाच्या एका स्पर्धेनं घराघरातली दुखणी मिटतात, एवढं सोपं काही नसतं. ते मला तेव्हाही पटलं नाही. पण फुगडी सुरू झाली तशी आमच्या रांगेतल्या बायकांचे पाय खुर्चीखाली हलायला लागले. पुढच्या रांगेतली कोण कुठली बाई मागं वळून मला टाळी देऊन गेली. इतक्या बायका एकदम हसताना मी पहिल्यांदाच ऐकल्या.

येताना एसटीत आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. खिडकीतनं बाहेर बघत म्हणाल्या, “मी जत्रेतल्या तंबूत ‘माहेरची साडी’ बघितला होता. शेजारणीबरोबर गेले, घरात न विचारता. आल्यावर तुझ्या सासऱ्यांनी काय हात उचलला नाही, पण महिनाभर बोलले नाहीत. ताट वाढलं की उठून जायचे. परत कधी गेले नाही मी.”

‘माहेरची साडी’ १९९१ सालचा. आमच्या जत्रेत आला तेव्हा आत्याबाई आज मी आहे तेवढ्याच वयाच्या होत्या. तीस वर्षं ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मी विचारलं, “तो सिनेमा आवडला होता का?” तर म्हणाल्या, “रडून रडून पदर भिजला होता. तेव्हा आम्हाला रडायचाच सिनेमा दाखवायचे. आज हसायचा दाखवला.”

तिकीट १२०, एसटी ४०, वडापाव आणि चहा ३०. झाले १९०. पुढं पाऊस आला तो थोडाच, ऑगस्ट सगळा कोरडा गेला. पारावर कुणीतरी म्हणालं, बायका सिनेमाला गेल्या म्हणून पाऊस गेला. आत्याबाईंनी तिथल्या तिथं विचारलं, “आणि मागच्या दुष्काळात कोण गेलं होतं?”

तिसरा ‘जवान’. १३ ऑक्टोबरला सिनेमा दिवस होता, देशभरातल्या पुष्कळ थिएटरांत तिकीट ९९ रुपये. घट बसायला दोनच दिवस राहिलेले. धुणी काढायची, गोधड्या धुवायच्या. आम्ही पाचजणींनी पहाटे उठून गोधड्या वाळत टाकल्या आणि जिल्ह्याच्या गावी गेलो. शाहरुख खानची हाणामारी आणि त्याच्या बरोबरीनं लढणाऱ्या सहा बायका. त्यातली एक आपली गिरिजा ओक.

त्या सहाजणींतल्या एकीचा बाप शेतकरी. ट्रॅक्टरच्या कर्जापायी तो गळफास घेतो. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. आमच्यातल्या एकीच्या घरात सहा वर्षांपूर्वी असंच झालंय. जुलैत ‘बाईपण’ला जाताना हिनंच नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा गजरा माळला होता. तो प्रसंग आला आणि ती उठली. मी तिच्यामागं बाहेर गेले. पायरीवर दोघी बसून राहिलो. मला काही सुचेना. पाणी दिलं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “चल आत. पैसे भरलेत.”

पुढं सिनेमात शाहरुख खान मोठ्या शेठजीकडनं पैसे काढून शेतकऱ्यांच्या खात्यावर टाकतो. सगळं थिएटर शिट्ट्या मारत होतं. ती मला कानात म्हणाली, “सिनेमात दहा मिनिटांत पैसे येतात बघ. मी अजून हेलपाटे घालतीय.” मला वाटलं, हिला उगाच आणलं. तसं मी एसटीत बोललेही. तर म्हणाली, “नाही गं. आमच्या घरातलं दुःख एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढ्या लोकांनी बघितलं. गावात तर कुणी नावसुद्धा काढत नाही.” यावर मी काय बोलणार? तिकीट ९९, एसटी ८०. झाले १७९.

चौथा दिवाळीत, ‘ट्वेल्थ फेल’. माझी लेक पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दोन वर्षं झाली. भाऊबीज झाल्यावर म्हणाली, आई, तुला एक सिनेमा दाखवते. विधू विनोद चोप्रांचा सिनेमा, मनोजकुमार शर्मा या खऱ्या अधिकाऱ्याच्या आयुष्यावरचा. चंबळच्या खेड्यातला बारावी नापास पोरगा, तो पुढं आपल्याच महाराष्ट्रात पोलीस अधिकारी झाला. दिल्लीत अभ्यास करताना तो पिठाच्या गिरणीत काम करतो. अंगभर पीठ, आणि तिथंच दिव्याखाली पुस्तक.

मी बघतेय तर लेक पडद्याकडं बघत नाही, माझ्याकडं बघतीय. बाहेर आल्यावर मी विचारलं, “बाळा, तू नीट जेवतेस ना?” आधी हसली. मग म्हणाली, “मेसचा एकच डबा लावलाय. दुपारी निम्मा, रात्री निम्मा. तुला सांगितलं असतं तर तू गटातनं कर्ज काढलं असतंस.” दोन वर्षं फोनवर रोज विचारत होते, जेवलीस का? रोज हो म्हणत होती. खोटं नव्हतं ते. निम्मं खरं होतं.

त्या रात्री आमचे हे, मी आणि ती, तिघं बसून बोललो. अजून एक वर्ष द्यायचं, डबा दोन वेळचा लावायचा, आणि नाही झालं तर कुणी कुणाला बोल लावायचा नाही, असं ठरलं. परीक्षेचं काय होईल ते होईल, पण हे बोलणं झालं. लेक पैसे देत होती, मी देऊ दिले नाहीत. तिकीट १५०, एसटी ८०. झाले २३०.

राहून गेलेलेही आहेत. ‘श्यामची आई’ आणि ‘नाळ २’ दोन्ही १० नोव्हेंबरला आले, दिवाळीच्या तोंडावर. फराळ उरकून आम्ही निघेपर्यंत तालुक्याच्या थिएटरातनं गेले होते. ‘श्यामची आई’ नवा असून मुद्दाम काळा-पांढरा केलाय. अत्र्यांचा १९५३ सालचा, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तो आत्याबाईंनी लहानपणी बघितलाय. त्यांना नवा दाखवायचा होता. बघू, टीव्हीवर येईल तेव्हा.

तर बेरीज करा. १६०, १९०, १७९ आणि २३०. वर्षाचे झाले ७५९ रुपये. एसटीत वाचले २४०. आमच्या गावात दिवसाला दहा रुपयांची तंबाखूची पुडी खाणारे कमी नाहीत. त्यांचे वर्षाला ३,६५० होतात, आणि तो हिशेब कुणी मागत नाही. मी माझा मागितल्याशिवाय दिलाय.

तुमच्या गटाला जायचं असेल तर आमचा अनुभव सांगते. गटाच्या बचतीला हात लावू नका, त्यासाठी वेगळा डबा ठेवा. आठवड्याला दहा रुपये टाकले तरी वर्षाला ५२० होतात. दुपारचा खेळ धरा आणि परतीची एसटी आधी विचारून ठेवा. वीस-पंचवीसजणी असाल तर थिएटरात अगोदर फोन करा, आमच्याकडं त्यांनी ओळीनं जागा राखून ठेवल्या. सिनेमा कशावर आहे ते आधी विचारून घ्या, म्हणजे कुणाला अचानक उठून जावं लागणार नाही. ज्यांच्याकडं पैसे नाहीत त्यांचं तिकीट बाकीच्यांनी मिळून काढा, पण गाजावाजा न करता. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला एकदा तरी विचारा. नाही म्हणेल असं धरून चालू नका.

परवाच्या मीटिंगमध्ये आमच्या अध्यक्ष ताईंनी नव्या वर्षासाठी एक पत्र्याचा डबा आणून ठेवला. पहिले दहा रुपये त्यांनीच टाकले. कुठला सिनेमा बघायचा ते अजून ठरलेलं नाही.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.